आमच्या घरातल्या जटा

मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या डोक्यात देवीची जट होती. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवायला मला पुष्कळ वर्षं लागली. स्टाफरूममध्ये असा विषय निघाला की मी डबा उघडून सगळ्यांपुढे लोणचं धरायची. बुलढाण्यात चमत्कारांमागचं विज्ञान दाखवणारे कार्यक्रम मी स्वतः घेतले आहेत. नारळातून धूर काढून दाखवलाय, पोरांसमोर जळता कापूर जिभेवर ठेवलाय. आणि रविवारी मोताळ्याच्या रस्त्याने धामणगाव बढ्याला ताईकडे गेले की गल्लीतल्या बाया तिच्या पायांवर डोकं ठेवताना दिसायच्या. संतापाने वाटायचं, चहासुद्धा न घेता परत जावं. गेले मात्र कधीच नाही. ताईचा चहा फार चांगला असतो.

ही जट तिला एका मोठ्या आजारपणानंतर आली. ताप लांबला, ती अंथरुणाला खिळली, केसांना फणी लागली नाही. उठून बसली तेव्हा मानेवर केसांचा गुंता झाला होता. शेजारणीने तो पाहिला आणि लगेच हळदीकुंकू वाहिलं. म्हणाली, देवी आली, आता फणी लावायची नाही, कात्री तर नाहीच नाही. मग तो गुंता वाढत गेला. मनगटाएवढा जाड झाला आणि कमरेपर्यंत आला. ताई तो डोक्यावर वेटोळं करून बांधायची आणि वरून पदर घ्यायची. नवरात्रात बाया तिची ओटी भरायच्या, तिच्या हातून अंगारा न्यायच्या.

मी काय काय केलं नाही! एकदा शाळेतला सूक्ष्मदर्शक एसटीत मांडीवर घेऊन धामणगावला नेला. माझ्या फणीतला एक केस ठेवला, तिच्या जटेतला एक ठेवला. म्हटलं, "बघ ताई, केसाला असे खवले असतात. ते एकात एक अडकतात. त्यात तेल, धूळ, हळद बसते. फणी लागली नाही तर कोणाच्याही डोक्यात जट होईल. माझ्यासुद्धा."

ताईने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"काय सुंदर नक्षी काहाडली वं देवीनं," ती म्हणाली.

मी सूक्ष्मदर्शक पेटीत भरला आणि पुढचे दोन-तीन रविवार गेलेच नाही.

हे भांडण असंच चालू राहिलं असतं तरी माझी हरकत नव्हती. पण मग ताईचे हात बिघडले. भाकर थापता थापता बोटं बधिर व्हायला लागली. भरली कळशी हातातून सुटायची. तिला शेजारी कोणी बोलावलं तर मान वळवता येत नसे, सगळं अंगच वळवावं लागे. तिला बुलढाण्याला आणलं, मानेचे फोटो काढले. डॉक्टर भले माणूस, पण तोंडाने फटकळ. म्हणाले, "बाई, तुम्ही बारा महिने डोक्यावर भरला हंडा घेऊन फिरताय. मानेतली नस दाबली गेलीय. आधी हा हंडा उतरवा. असंच चाललं तर हातातली ताकद जाईल आणि गेलेली ताकद परत येईलच असं मी सांगणार नाही."

ताईने सगळं शांतपणे ऐकलं. स्टँडवर आल्यावर उसाचा रस मागितला. ग्लास दोन्ही हातांनी धरून प्यायली.

"मग कधी कापायची?" मी विचारलं.

"पाहू."

"काय पाहू? हात जातील तुझे!"

"जातीन तं जातीन," ती म्हणाली आणि धामणगावच्या गाडीत चढली. मी तिथेच उभी राहून तिला भरपूर शिव्या दिल्या, अर्थात मनात.

अशा वेळी माझी मुलगी पुण्याहून जटा करून आली.

माझी मुलगी म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. दिवसा ती एका कंपनीत काम करते. उरलेल्या वेळात चार मैत्रिणींबरोबर डफ आणि गिटार घेऊन कुठेही उभी राहून गाते. गाणी त्यांची त्यांनीच लिहिलेली. त्यात लग्न, जात, देव, सरकार कोणालाच सोडलेलं नाही. चाली बऱ्या असतात, शब्द मी कानाआड करते. तर मी तिचा बायोडेटा चार ठिकाणी दिला होता आणि खामगावकडचं एक चांगलं स्थळ बघायला येणार होतं. ती पहाटेच्या ट्रॅव्हल्सने आली, डोक्याला रुमाल. मला वाटलं, थंडी वाजत असेल. पाहुणे बसले, मी आतून पोह्यांच्या बशा दिल्या आणि ती ट्रे घेऊन बाहेर गेली. रुमाल काढून.

डोकंभर बोटाएवढ्या जाड दोऱ्याच दोऱ्या. त्यात कुठे मणी, कुठे लाल धागा.

मुलाची आई बिचारी देवभोळी. ती हातातला चमचा खाली ठेवून हळूच म्हणाली, "हे... देवीचं आहे का?"

"नाही हो काकू," माझी मुलगी गोड हसून म्हणाली. "कोथरूडला करून घेतल्या. क्रोशाच्या सुईने."

पोहे अर्धे टाकून पाहुणे गेले. मी दार लावलं आणि तोंड सोडलं. "मावशीच्या डोक्यातली एक जट काढता काढता माझे केस पांढरे झाले, आणि तू डोकंभर विकत घेऊन आलीस!"

"आई, तिची श्रद्धा आहे. माझं बंड आहे."

"केसांना कळतो का फरक?"

ती रुमालाची घडी घालत बसली. मला जरा बरं वाटलं आणि ते उरलेले पोहे आम्ही दोघींनी खाल्ले.

ती दसऱ्यापर्यंत राहणार होती. मी सुट्टीला रजा जोडली आणि तिला घेऊन धामणगावला गेले. मनात हिशोब असा, की ताईची अवस्था पाहून हिची हौस फिटेल, आणि हिचं डोकं पाहून ताईला कळेल की जट माणूसही बनवू शकतो. एका दगडात दोन पक्षी मारायला मी निघाले होते. घडलं वेगळंच.

घरात घट बसलेले. सकाळी पोरगी ओट्यावर चहा पीत बसली होती, तर ओटी घेऊन आलेल्या बाया ताईपर्यंत पोचल्याच नाहीत. पहिलीने हिला पाहिलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं.

"अवं माय! भाचीच्याबी डोक्यात आली व! एका घरात दोघी!"

आणि तिने सरळ हिचे पाय धरले. माझी पोरगी विंचू चावल्यासारखी उभी राहिली. "काकू, नाही, अहो, हे मी करून घेतलंय. पुण्यात. सुईने."

"देवी असंच म्हणते," ती बाई मागच्या बायांना म्हणाली. "कबूल करत नाई ते कवाच."

मी दारात उभी राहून हसू दाबत होते. म्हटलं, भोग आता. गाणी म्हणते देवावर! पण त्यातली एक म्हातारी हटेना. तिने पोरीचा हात धरला, खाली बसवलं आणि रडायला लागली. मुलाच्या लग्नाला बरीच वर्षं झालीत, सुनेला दिवस जाऊन राह्यले नाई, भाऊबंद म्हणतात दुसरी कर. "आता तूच सांग माय, करू काय दुसरी?"

माझ्या मुलीचा चेहरा लाल झाला. तो रंग मी ओळखते, माझाच आहे.

"आधी मुलाला डॉक्टरकडे न्या," ती म्हणाली. "तपासणी त्याची करा. पहिली त्याची. आणि तोवर सुनेला घरात कोणी एक शब्द बोलायचा नाही."

म्हातारीने डोळे पुसले, हात जोडले. "जशी तुही आज्ञा."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती मुलाला घेऊन बुलढाण्याला गेलीसुद्धा! मुलगा खिडकीशी तोंड लपवून बसलेला मी स्वतः पाहिला. हेच वाक्य मी आरोग्य शिबिरांत माइकवरून किती वर्षं सांगते आहे. खाली बसलेले लोक जांभया देतात आणि शेवटी बिस्किटं कधी वाटणार ते विचारतात. मी रागावून पोरीला म्हटलं, "हे चुकीचं आहे. त्यांना वाटतंय तू देवी आहेस."

"मी तीनदा नाही म्हटलं, आई."

ते खरं होतं. ताई दारात उभी राहून सगळं पाहत होती, हातात आरतीचं ताट.

त्या दुपारी भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, सोयाबीनच्या सोंगणी-कापणीवर शेतात गेले होते. आम्ही तिघी स्वयंपाकघरात. मी मेथी निवडत होते. पोरीने ताईचा पदर बाजूला करून जट हळूच उचलून पाहिली आणि श्वास रोखला. खाली कातडी लाल झाली होती, एके ठिकाणी ओल धरून चिघळली होती.

"मावशी, मी माझ्या दर आठवड्याला धुते, वाळवते. नाहीतर आत बुरशी धरते. तुला किती दुखत असेल गं."

"सवय झाली," ताई म्हणाली.

"कापायची एवढी भीती वाटते? देवीची?"

ताईने पदर पुन्हा डोक्यावर घेतला. मग तिने जे सांगितलं ते इतक्या साध्या आवाजात, जसं काही भाजीत मीठ किती ते सांगावं.

"देवीची कायची भीती? देवीनं तं वाचवलं मले. तुहा मावसा पिऊन आला की हात उचले. लग्न झालं तवापासून. काठी, चप्पल, हातात येईन ते. मंग मी आजारातून उठली, जट आली. त्याच हप्त्यात तो पिऊन आला, हात उचलला अन् माह्या डोक्यावरची हळद पाह्यली. तसाच थांबला. हात खाली केला. तवापासून आजलोक बोट नाई लावलं त्यानं. आता तूच सांग, जट काहाडली तं तो हात कुठं जाईन?"

माझ्या हातात मेथीची जुडी तशीच राहिली. मी भाऊजींना ओळखत होते. कमी बोलणारे, मधूनमधून पिणारे, मला 'मास्तरीनबाई' म्हणून मान देणारे. मला काही म्हणता काही माहीत नव्हतं. मी तिला केसांचे खवले दाखवत बसले होते आणि ती बाई डोक्यावर ढाल घेऊन फिरत होती. मला तिचा राग आला की माझा, ते मला अजून सांगता येणार नाही, पण रडू मात्र आलं आणि मी ते लपवलं नाही.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू काय केलं असतं? भाषण देल्लं असतं त्याले."

पोरगी एकदम म्हणाली, "मावशी, माझ्यासुद्धा त्यासाठीच आहेत."

"कायसाठी?"

"कोणी हात लावू नये म्हणून. आई स्थळं आणते. माणसं येतात, वरपासून खालपर्यंत बघतात, रंग बघतात, पगार विचारतात. नाही म्हटलं तर ऐकत नाही कोणी. या केल्या आणि सगळे आपोआप गेले."

ताईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, एक एक दोरी चाचपून पाहिली. "म्हंजे तुह्यावाल्याबी त्याच कामाच्या," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या. मी हसले नाही. चार ठिकाणी दिलेले ते बायोडेटा मला आठवत होते.

मग आमची वादावादी झाली. मी म्हटलं, माझ्याकडे बुलढाण्याला चल, घर मोकळंच आहे. ताई म्हणाली, "घर माह्यं हाये. मी काऊन जाऊ?" पोरगी म्हणाली, पोलिसात तक्रार देऊ. ताई म्हणाली, "देऊ. मंग पोलीस रोज संध्याकाळी माह्या उंबऱ्यात येऊन बसन काय?" कात्री लावायची तर भाऊजींचा हात मोकळा सुटणार, नाही लावायची तर तिचे दोन्ही हात जाणार. मी आजवर वर्गात पुष्कळ प्रश्न सोडवून दिले. हा सुटेना.

दसऱ्याच्या सकाळी मी ओट्यावर पेपर घेऊन बसले होते. घट उठले होते. भाऊजी स्टुलावर चढून दाराला झेंडूचं तोरण बांधत होते. गल्लीतल्या बाया नेहमीप्रमाणे आल्या होत्या. ताई आतून आली आणि उंबऱ्याच्या आत उभी राहिली. न्हालेली, कपाळभर कुंकू. मान वर होत नसल्यामुळे तिला भाऊजींचे फक्त पायच दिसत असणार. त्या पायांकडे बघूनच ती बोलली.

"आज पहाटे देवी आल्ती. म्हणली, बाई, तुह्या डोक्यावर लय वर्सं बसली. तुही मान मोडून राह्यली, मले उतरू दे. जट काप अन् नदीत सोड. मी आता ह्या उंबऱ्यात बसते. ह्या घरात बाईवर जो हात उचलीन, त्याचा हात मी ठेवनार नाई."

बायांमध्ये कुजबुज झाली. दोघींनी तिथल्या तिथे उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. भाऊजींच्या हातातली झेंडूची माळ थांबली. ते हळूहळू स्टुलावरून उतरले, उंबऱ्याला पाय लागू नये म्हणून लांब ढांग टाकली, आणि सरळ माझ्याकडे आले.

मी मनातून ताईला दाद देत होते. काय डोकं चालवलं! म्हातारीचा प्रसंग पाहिला, आज्ञेचा जोर पाहिला आणि बरोबर आपल्या कामाला लावला. पण त्याच वेळी माझ्यातल्या विज्ञानाच्या बाईचं पित्त खवळलं होतं. एक अंधश्रद्धा डोक्यावरून काढायची आणि दुसरी उंबऱ्यात पुरायची? उद्या इथे नारळ फुटतील, परवा जत्रा भरेल.

भाऊजी माझ्यासमोर उकिडवे बसले. चेहरा पांढरा पडला होता.

"मास्तरीनबाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुमी तं हे काई मानत नाई. सगळ्या गावाले माईत हाये. म्हून तुमालेच इचारतो. तुमी तिच्यापाशीच झोपल्या होत्या. हे खरं हाये काय?"

सगळ्या बाया माझ्याकडे पाहायला लागल्या. माझी मुलगी दारात, श्वास धरून. ताईला मान वळवता येत नव्हती, ती तशीच जमिनीकडे बघत उभी.

इतक्या वर्षांत मी कमावलेलं एवढंच होतं. ही बाई देवाच्या नावाने खोटं बोलत नाही, असं गावभर नाव. ते असं एकदम खर्चायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. मी रात्री ढाराढूर झोपले होते. पहाटे घरावरून हत्ती गेला असता तरी मला कळलं नसतं.

मी पेपरची घडी घातली.

"भाऊजी," मी म्हटलं, "मी मानत नाही, हे खरं. पण पहाटे मला जाग आली होती. मी ऐकलं. आवाज ताईचा नव्हता."

भाऊजींनी डोळे मिटले. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, नीट, उलटा सुलटा करून, आहे ना म्हणून. उठले आणि शेजारच्या शिंप्याकडून मोठी कात्री घेऊन आले.

मला अजून याचा पश्चात्ताप झालेला नाही. कधी होईल असं वाटतही नाही.

अंगणात पाटावर ताईला पूर्वेकडे तोंड करून बसवलं. बायांनी जटेला हळदीकुंकू वाहिलं. मी ताईचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, तिच्या कानशिलातली नस माझ्या बोटांखाली धडधडत होती. पोरीने कात्री चालवली. जट सुक्या लाकडासारखी कडक होती, कात्री दोनदा अडकली. मग ती सुटली आणि खाली ठेवलेल्या परातीत पडली. पडल्याचा आवाज झाला, चांगला मोठा. तेव्हा मला कळलं की ती किती जड होती. मला ती शाळेच्या तराजूवर ठेवून पाहायची फार इच्छा झाली, पण निदान त्या दिवशी तरी मी तोंड बंद ठेवलं.

"झालं?" ताईने विचारलं.

"झालं."

ती हळूच मान वर करायला लागली. जरा थांबली, घाबरल्यासारखी. पुन्हा थोडी वर केली. दाराच्या चौकटीपर्यंत तिची नजर पोचली आणि तिथे थांबली.

"तोरन तिरपं बांधलं," ती म्हणाली.

सगळ्या बाया हसल्या, मी रडले, पोरगी हसत हसत रडली. भाऊजी मुकाट्याने पुन्हा स्टुलावर चढले आणि तोरण सरळ केलं. छातीवरचा मोठा दगड कोणी उचलून नेल्यासारखं मला वाटलं. इतका मोकळा श्वास मी कित्येक वर्षांत घेतला नव्हता. दुपारी पुरणपोळीवर तूप घेताना मी हात आखडला नाही, आणि ताई जेवून उठली ती चटईवर पाठ टेकवून, छताकडे तोंड करून झोपली. उताणं झोपताच येत नव्हतं तिला इतकी वर्षं. तोंड उघडं टाकून घोरत होती. पोरगी आणि मी दोन बाजूंनी बसून तिच्याकडे नुसत्या बघत राहिलो.

भाऊजी अजूनही पितात, अधूनमधून. पण पिऊन आले की उंबरा ओलांडत नाहीत. ओट्यावरच पथारी टाकतात आणि सकाळी न्हाऊन, उंबऱ्याला हात लावून मगच आत येतात. जत्रा काही भरली नाही. गल्लीतल्या बाया मात्र येता-जाता तिथे दोन फुलं ठेवतात, आणि मी ऐकलंय की आणखी दोन-तीन घरांच्या उंबऱ्यांत देवी येऊन बसली आहे. त्या म्हातारीच्या मुलाला गोळ्या चालू आहेत. दुसरीचा विषय बंद आहे.

मी दिलेले बायोडेटा परत मागवले. एका ठिकाणी तर मी स्वतः जाऊन काढून आणला. पोरीला फोनवर सांगितलं आणि विचारलं, "आता तुझी देवी कधी उतरणार?"

"बघू," ती म्हणाली. "आणि आता ठेवल्या तर नुसत्या आवडतात म्हणून ठेवेन." आवाजात मात्र ती हसत होती.

परवा ताई डॉक्टरांना दाखवायला बुलढाण्याला आली होती. हातांना मुंग्या येणं पुष्कळ कमी झालंय. डॉक्टर खूश झाले, म्हणाले, व्यायाम सोडू नका. घरी आल्यावर ती माझ्यासमोर चटईवर बसली आणि मी तिच्या डोक्याला तेल लावलं. केस आता कानापर्यंत आलेत, मऊ, अर्धे पांढरे. लहानपणी ती माझ्या वेण्या घालायची, इतक्या घट्ट की डोळे ताणले जायचे. मी तेच सांगत होते. ती मधेच म्हणाली,

"एक सांगू? त्या दिशी मले वाटे, भासच झाला असन. तापात होते ना, तसा. म्हणायले तं म्हणली मी सगळ्यांपुढं, पन मनाची खातरी नोती. मंग तू म्हणली तुलेबी आवाज आला. तवा कुठं जीव ठिकान्यावर आला. नाईतं कात्री लावूच देली नसती मी."

माझे हात तिच्या डोक्यावर थांबले. इतके दिवस मी ती ताईची युक्ती समजत होते. कौतुकाने दोघा-तिघांना सांगूनही झालं होतं.

"म्हणजे ती खरंच आली होती?" मी विचारलं.

ताईने मान वळवली, पूर्ण, थेट माझ्या तोंडाकडे, आणि माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"म्हंजे? तुले आइकू आलं ना?"

मी पोरांना दरवर्षी शिकवते. एकट्याने पाहिलेलं पुरत नाही, दुसऱ्यालाही तेच दिसलं पाहिजे, तेव्हा ते पक्कं. ताईला हे कोणी शिकवलं नव्हतं, पण तिने अगदी तसंच केलं होतं. दुसरी साक्ष मिळेपर्यंत थांबली होती. आणि ती साक्ष माझी होती.

"आलं ना," मी म्हटलं. "आता मान सरळ ठेव, तेल डोळ्यात जाईल."

तिने मान सरळ केली.